सात भोकांचा मासा

मारुताला मी चौथा क्रमांक दिला.
हे आमच्या सालात्सग्रीवात कुणालाच ठाऊक नाही.

फेब्रुवारी. रीगाचा स्टुडिओ.
पाच परीक्षक, दहा गाणी,
प्रत्येकापुढे बिस्किटांची बशी
आणि खोडरबर नसलेली पेन्सिल.
देशाचा आवाज निवडायचा होता,
तीन मिनिटांचा,
वर एक सेकंदही चालणार नव्हता.

तिला सूर लावायला मीच शिकवलं.
सातव्या वर्षी, पुढचे दोन दात पडलेले,
'स' आला की शिट्टी वाजायची.
लोक म्हणाले असते, वेल्गाबाईंची लाडकी.
म्हणून तराजूचा काटा मी जरा जास्तच ताठ धरला,
आणि दुसऱ्या कडव्यात, वरच्या जागी,
तिचा सूर केसभर खाली आला
तो केस मी चिमटीत पकडला.
चार.
पेन्सिल खाली ठेवली. बिस्किट खाल्लं.

लोकांनी फोन करकरून तिलाच निवडलं.

गाणं लॅम्प्रेचं होतं.
तिचा बाप इल्गोनिस नदीत लाकडी बांध घालतो,
हिवाळ्यात पहाटे टोपल्या उपसतो.
ना जबडा, ना खवले,
डोळ्यामागे ओळीनं सात भोकं.
देवानं बासरी करायला घेतली
आणि मध्येच कुणी हाक मारली म्हणून
पाण्यात टाकून उठला,
असा तो मासा.
राजधानीतल्या पोरांनी गाण्याला ढोल जोडले, धूर जोडला,
तिला चंदेरी खवल्यांचा झगा शिवला.
"याला खवले नसतात," इल्गोनिस म्हणाला.
कोण ऐकतो.

मे महिना. अग्निशमन दलाच्या गॅरेजात
बंब बाहेर काढून आम्ही पडदा ताणला.
राईचा पाव, बिअर, बाकं कमी पडली.
ती आली तेव्हा
त्या अवाढव्य उजेडात नखाएवढी दिसत होती.
दुसरं कडवं.
माझा गळा आपोआप आवळला, उचलून द्यायला,
जसा वर्गात आवळायचा.
केसभर खाली.
पुन्हा तिथंच.

मग गुण.
एकेक देश हसत हसत येतो
पाठीमागे आपापला रात्रीचा पूल घेऊन,
आमच्या गायिकेचं तोंडभर कौतुक करतो
आणि हातावर काही ठेवत नाही.
शून्य. शून्य.
"निदान शेजाऱ्यांनी तरी," बेकरीतली आउस्मा म्हणाली.
शेजाऱ्यांनीही नाही.
एकतिसावा देश पोर्तुगाल.
लाटविया, एक.
गॅरेज असं ओरडलं
की बाहेर कुणीतरी बंबाचा भोंगा दाबला.
इल्गोनिसनं टोपी काढली,
दारात पाहुणा आल्यावर काढतो तशी.

सव्विसांत पंचविसावी.

रात्रभर मी त्या एका गुणाशी बसून राहिले.
लिस्बनमध्ये असेल कुणी एक बाई,
माझ्यासारखीच, चष्मा कपाळावर ढकललेली.
तिच्यापुढेही बशी, पेन्सिल.
तिला तो केस दिसला असेल का?
दिसला, आणि म्हणूनच दिला?
की यादीतली शेवटची जागा भरायची होती,
आणि गाडीची वेळ झाली होती?

जूनमध्ये मारुता पुलावर भेटली.
मला राहवलं नाही.
"तुला मी चौथी ठेवली होती.
तो वरचा सूर खाली जातो तुझा."
ती हसली. आता दात सगळे आहेत.
"जात नाही, बाई. मी नेते.
बाबा टोपली ओढताना असाच ओरडतो,
वर जायला त्याच्याकडे दम उरत नाही."

खाली नदी मोकळी वाहत होती,
बांधाला अजून दोन महिने होते.
जाताना तिनं एक बरणी दिली,
गेल्या हिवाळ्यातले मासे, जेलीत बसवलेले.

घरी येऊन मी गाणं लावलं,
ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी धरला.
खालीच आहे.
चमचाभर जेली खाल्ली.
परत लावलं.